धास्ती कुठून आली

22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीतल्या सरकारी बंगल्यात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी होती. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर जाळ पेटवले होते. मेजवानी आटोपून बग्ग्या एकामागून एक बाहेर पडू लागल्या. रस्त्याकडेच्या अंधारात दबा धरून बसलेले दामोदर चापेकर प्लेग कमिटीचे अध्यक्ष वॉल्टर रँड यांच्या बग्गीवर मागून चढले आणि त्यांनी गोळी झाडली. मागच्या बग्गीतले लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्ण चापेकरांच्या गोळीने जागीच ठार झाले. रँड 3 जुलैला गेले.

ही हकीकत मराठी माणसाला पाठ आहे. मला त्या दोन गोळ्यांपेक्षा पुढच्या तीन महिन्यांत पुण्यात काय झालं, ते जास्त महत्त्वाचं वाटतं. हिंसेच्या एका घटनेवर वर्तमानपत्रं, सरकार आणि कायदा मिळून भीतीचा केवढा डोलारा उभा करू शकतात, याचा आपल्याकडचा एक जुना आणि पुरता नमुना तिथे सापडतो. चापेकरांना आणि ताजमधल्या हल्लेखोरांना मी एका पंगतीत बसवत नाही. हत्यार कुणी, कुणावर आणि कशासाठी उचललं हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येक वेळी वेगळं येतं. गोळीनंतर जे सुरू होतं, ते मात्र सव्वाशे वर्षं थक्क करणाऱ्या सारखेपणाने चालत आलेलं आहे.

त्या वर्षी पुण्यात आधीच भीती होती, पण ती गोऱ्या सोजिरांची. प्लेगचे रोगी शोधण्यासाठी सैनिक घरात शिरत, माजघर आणि देवघर बघत नसत, सामान रस्त्यावर आणून जाळत, धडधाकट माणसांनाही संशयावरून छावणीत नेत. या भीतीची इंग्रजी पत्रांना बातमी वाटली नव्हती. रँड पडले आणि अँग्लो-इंडियन पत्रांनी धोशा लावला की हे एकट्यादुकट्याचं काम नाही, पुण्याच्या ब्राह्मणांचा हा कट आहे आणि त्याला मराठी पत्रांची फूस आहे. ‘टाइम्स ऑफ इंडिया’तून तर खुनाच्या आधीच एका टोपणनावाच्या पत्राने ‘केसरी’तल्या शिवाजी उत्सवाच्या मजकुराकडे बोट दाखवलं होतं. मग सरकार हललं. खुनी पकडून देणाऱ्याला 20 हजार रुपयांचं बक्षीस लागलं. शहरावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च शहराच्याच माथी मारला. बाळासाहेब आणि तात्यासाहेब या नातू बंधूंना 1827 च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली उचललं. त्यांच्यावर आरोप ठेवला नाही, खटला चालवला नाही, आणि जवळपास दोन वर्षं अडकवून ठेवलं. टिळकांना 27 जुलैला मुंबईत अटक झाली. खुनाशी त्यांचा संबंध लावता आला नाही, म्हणून राजद्रोहाचा खटला भरला. ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तीन हिंदी सभासदांनी निर्दोष म्हटलं. शिक्षा झाली दीड वर्षाची.

याच धामधुमीत गोखले विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांच्या अत्याचारांबद्दल तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. पुरावा मागितला गेला तेव्हा पत्र लिहिणाऱ्यांपैकी कुणी पुढे यायला तयार नव्हतं. ज्या गावात बिनखटल्याचे नातू तुरुंगात आहेत, तिथे कोण पुढे येणार? बोट मुंबईला लागल्यावर गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. भीतीच्या दिवसांत सर्वांत आधी कारणांची चर्चा बंद पडते, हे मला गोखल्यांच्या त्या माफीत दिसतं. ‘हे का झालं’ असं विचारणारा माणूस खुन्याचा साथीदार ठरतो. गोखल्यांसारख्या नेमस्ताचीही त्यातून सुटका झाली नाही.

दामोदर चापेकर पुढे पकडले गेले आणि कट उलगडला. तो निघाला तीन भावांचा आणि त्यांच्या दोनचार मित्रांचा. पुण्याचा अवघा समाज सामील असलेला तो अवाढव्य कट कुणाला कधी सापडला नाही, पण त्याच्या नावाने केलेला कायदा राहिला. 1898 मध्ये राजद्रोहाचं कलम रुंद केलं आणि 153 अ हे नवं कलम दंडविधानात घातलं. आजच्या भारतीय न्याय संहितेत ते 196 या आकड्याखाली नांदतं आहे.

1908 मध्ये मुझफ्फरपूरला बाँब फुटला आणि हेच चक्र जास्त वेगाने फिरलं. त्याच वर्षीच्या जून महिन्यात स्फोटक पदार्थांचा कायदा झाला, वर्तमानपत्रांचे छापखाने जप्त करण्याचा कायदा झाला. बाँब कायद्याने थांबणार नाहीत, लोकांना हक्क द्या, असं लिहिणारे टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. स्फोटक पदार्थांचा तो कायदा अजून लागू आहे. मुंबईपासून मालेगावपर्यंतच्या स्फोटांच्या आरोपपत्रांत त्याची कलमं लागलेली आहेत.

या कायद्यांच्या वंशावळीतला पुढचा पुरुष म्हणजे न्यायमूर्ती सिडनी रौलट. 1917 च्या डिसेंबरात त्यांची समिती नेमली आणि 1918 च्या एप्रिलमध्ये अहवाल आला. मराठी वाचकाने या अहवालाचं पहिलं प्रकरण तरी वाचावं. ते मुंबई इलाख्यावर आहे. हिंदुस्थानातल्या क्रांतिकारी चळवळीच्या पहिल्या खुणा पश्चिमेकडे, गणपती आणि शिवाजी या दोन उत्सवांच्या वाढीत दिसल्या, अशी त्याची सुरुवात आहे. पुढे चित्पावन ब्राह्मणांचा इतिहास येतो, पेशवाई येते. म्हणजे एका समाजाचे सण, त्याची स्मृती, त्याचं गाणं-बजावणं हाच पुराव्याचा पहिला कागद. पुढे कधी पगडी, कधी दाढी, कधी मदरसा, कधी एखाद्या गावाचं नाव याच जागी आलं. ‘आपल्यावर’ कुणी असा संशय घेतला होता ही आठवण महाराष्ट्राने अभिमान म्हणून जपली, पण इशारा म्हणून जपली नाही, याचं मला वाईट वाटतं.

रौलट कायदा मार्च 1919 मध्ये आला. ना वकील, ना दलील, ना अपील, असं लोकांनी त्याचं वर्णन केलं. पंजाबात सरकारी अधिकाऱ्यांच्या डोक्यात 1857 बसलेलं होतं. हरताळ दिसला की त्यांना बंड दिसे. 13 एप्रिलला जालियनवाला बागेत जनरल डायरने गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसारच 379 माणसं मेली. आणि त्यानंतर विलायतेत काय झालं? ‘मॉर्निंग पोस्ट’ या पत्राने डायरसाठी फंड उघडला. दुसरं सत्तावन टाळणारा वीर म्हणून त्याला उचलून धरलं आणि वाचकांनी 26 हजार पौंडांहून अधिक रक्कम पाठवली. त्यातले बहुतेक वाचक कधी अमृतसरला गेले नसतील. हजारो मैलांवरच्या माणसाला इतकं घाबरवायचं की गोळी घालणाऱ्याला तो स्वतःच्या खिशातून पैसे देईल, हे वर्तमानपत्राने केलेलं काम होतं.

ज्या रौलट कायद्यापायी हे सगळं घडलं तो प्रत्यक्षात वापरलाच गेला नाही आणि 1922 मध्ये रद्द झाला. तो मुळातच तीन वर्षांसाठी होता. ही मुदतीची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रतिबंधक स्थानबद्धता आली, मिसा आला. त्यांचा इतिहास थोडा वेगळा, इथे सोडून देतो. धाग्याचं दुसरं टोक 1985 च्या मे महिन्यात हाती लागतं. दिल्लीत ट्रान्झिस्टरमध्ये लपवलेले बाँब फुटले. बसमध्ये, रस्त्याकडेला पडलेला ट्रान्झिस्टर कुणीतरी उचलायचं आणि कळ फिरवायचं. काही दिवसांत संसदेने टाडा हा दहशतवादविरोधी कायदा संमत केला, दोन वर्षांसाठी. मग मुदत वाढत वाढत 1995 पर्यंत गेली. 1987 च्या टाडात पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून मान्य झाला. पंजाबसाठी केलेला कायदा देशभर पसरला. सत्तर हजारांच्या आसपास माणसं त्याखाली आत गेली आणि शिक्षा झालेल्यांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आतच राहिलं. तेव्हा संशयाची पगडी शिखांच्या डोक्यावर होती. 1984 च्या नोव्हेंबरात त्या पगडीची काय किंमत मोजावी लागली, ते दिल्लीला माहीत आहे.

मुंबईची पाळी 12 मार्च 1993 ला आली. शुक्रवारी दुपारी दीड वाजता शेअर बाजाराच्या तळघरात पहिला स्फोट झाला आणि दोन तासांत बारा ठिकाणं हादरली. 257 माणसं गेली. डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींच्या जखमा ओल्या होत्या. शरद पवारांना मुख्यमंत्रिपदी परतून जेमतेम आठवडा झाला होता. स्फोट झालेली ठिकाणं बहुतेक हिंदू वस्तीची किंवा वर्दळीची आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. संध्याकाळी दूरदर्शनवरून त्यांनी बाराऐवजी तेरा स्फोट सांगितले. तेरावा मुस्लीमबहुल मशीद बंदरचा. तिथे काही फुटलं नव्हतं. दंगल टळावी म्हणून आपण जाणूनबुजून खोटं बोललो, हे त्यांनी पुढे श्रीकृष्ण आयोगापुढे आणि अनेकदा जाहीरपणे सांगितलं. सोमवारी शेअर बाजार उघडला. त्या आठवड्यात मुंबई पेटली नाही.

मी या प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा येतो. मुख्यमंत्र्याने जनतेशी खोटं बोलणं मला मान्य करता येत नाही. पण या सव्वाशे वर्षांत सत्तेवरच्या माणसाने लोकांची भीती वाढवण्याऐवजी तिची धार बोथट करण्यासाठी तोंड उघडल्याची जी थोडी उदाहरणं मला माहीत आहेत, त्यातलं हे एक आहे. आणि ते जमलं, कारण तेव्हा सरकारी वाहिनी एकच होती. चोवीस तासांच्या बातम्या नव्हत्या. आज कुणी मशीद बंदर म्हणालं, तर दहा मिनिटांत तिथे ओबी व्हॅन उभी राहील आणि खोटं उघडं पडेल. तो मार्ग आता बंद झाला, आणि झाला ते बरंच झालं. पण भीती निवळवण्याचा दुसरा, खरा मार्ग वाहिन्यांनी शोधला नाही.

उलट झालं. 13 डिसेंबर 2001 च्या संसद हल्ल्यानंतर दिल्ली विद्यापीठातले अध्यापक एस. ए. आर. गिलानी यांना अटक झाली आणि पोलिसांच्या तोंडून मिळालेली माहिती निकाल असल्यासारखी छापली गेली. हल्ल्याच्या पहिल्या वर्षश्राद्धाला, कनिष्ठ न्यायालयाचा निकाल तोंडावर असताना, पोलिसांच्या आरोपपत्रावर बेतलेला चित्रपट एका वाहिनीने दाखवला. गिलानींना फाशीची शिक्षा झाली. 2003 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. दरम्यान 2002 मध्ये संसदेच्या संयुक्त अधिवेशनात पोटा संमत झाला होता. 2004 मध्ये तो रद्द झाला खरा, पण त्यातली दहशतवादाची प्रकरणं 1967 च्या बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएत, त्याच वर्षी जाऊन बसली. टाडाला मुदत होती, पोटाला होती, रौलटलाही होती. यूएपीएला नाही. भीती तात्पुरती असते, तेव्हा तिच्या पोटी आलेला कायदाही तात्पुरता असावा, एवढं भान ब्रिटिश सरकारलाही कागदावर ठेवावं लागलं होतं. आपण ते 2004 मध्ये सोडलं, आणि त्या दिवशी त्याची ठळक बातमी झाली नाही.

11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. दोन महिन्यांनी शब-ए-बारातच्या दिवशी मालेगावात कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली, आणि मेलेल्यांच्याच समाजातले नऊ जण आरोपी म्हणून उभे केले गेले. त्यांना 2011 मध्ये जामीन मिळाला, 2016 मध्ये विशेष न्यायालयाने दोषमुक्त केलं. लोकलच्या खटल्यात 2015 मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडलं नाही. दहा दिवसांनी, 31 जुलैला, 2008 च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सुटले. एका महिन्यात दोन निकाल. दोन्ही वेळा वाहिन्यांवर दोन तट पडले: एकाचा सुटलेला आरोपी दुसऱ्याचा दहशतवादी. ज्यांच्या घरचं माणूस माटुंग्याला किंवा मालेगावच्या भिक्कू चौकात गेलं, त्यांना स्फोट कुणी केला याचं उत्तर एकोणीस आणि सतरा वर्षांनंतरही मिळालं नाही. पहिल्या आठवड्यातच ‘मास्टरमाइंड’ सापडल्याची घाई झाली नसती, तर तपास कदाचित खऱ्या माणसापर्यंत पोचला असता, असं मला वाटतं.

26 नोव्हेंबर 2008 चं सांगायचं तर मुंबईकराला तपशील नको आहेत. मी दोनच आवाजांबद्दल लिहितो. पहिला सीएसटीतल्या उद्घोषणा कक्षातला. विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक कामावर होते. फलाटांबाहेरच्या मोठ्या दालनात गोळीबार सुरू झालेला त्यांनी काचेतून पाहिला आणि माइक सोडला नाही. पुढे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा, असं ते मराठीतून आणि हिंदीतून सांगत राहिले. कक्षाच्या काचेवर गोळी आली तरी सांगत राहिले. गाड्यांतून उतरणारे शेकडो लोक त्या सूचनेवर वळले. भीतीच्या क्षणी लोकांशी कसं बोलावं याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही: कुठे धोका आहे, कुठून जायचं, एवढंच, पुन्हा पुन्हा, ठाम आवाजात.

दुसरा आवाज टीव्हीचा. साठ तास तो चालू होता. आमच्या इमारतीत त्या तीन रात्री एकाही घरचा संच बंद नव्हता. 28 तारखेच्या सकाळी नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरणारे कमांडो आम्ही पाहिले, तसे ते कराचीत बसलेल्या सूत्रधारांनीही पाहिले आणि आतल्या हल्लेखोरांना फोनवरून सांगितले. ही संभाषणं नंतर न्यायालयात आली. त्याच शुक्रवारी सीएसटीत पुन्हा गोळीबार सुरू झाल्याची बातमी पसरली, माणसं जिवाच्या आकांताने पळाली, आणि तसं काही घडलेलं नव्हतं. शहरातली केबलवरची वृत्तवाहिन्यांची प्रक्षेपणं पोलिसांनी काही काळ बंद करायला लावली, तेव्हा तर अफवांना अधिकच ऊत आला. सर्वांत जास्त माणसं सीएसटीत मेली होती, पन्नासहून अधिक, गावाला निघालेली, बोचकी घेऊन बसलेली. पण कॅमेरे ताजच्या घुमटावर खिळलेले होते. भीतीचाही एक भूगोल वाहिन्यांनी ठरवला. कसाबच्या खटल्याच्या निकालात 29 ऑगस्ट 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. त्यातून देशाची वा समाजाची सेवा झाली नाही, धंद्याची झाली, अशा आशयाचे. नियम व्हायला मात्र 2015 साल उजाडलं: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट दाखवायचं नाही, नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहिती तेवढी सांगायची.

कायद्याला असा उशीर लागला नाही. डिसेंबर 2008 मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेचं विधेयक आणि यूएपीएतली दुरुस्ती दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार झाली. आरोपपत्राशिवाय 180 दिवसांपर्यंत कोठडी आणि जवळजवळ अशक्य जामीन त्या दोन दिवसांत आले. कोणत्याही पक्षाने मोडता घातला नाही, कारण त्या आठवड्यात ‘थांबा, वाचू द्या’ म्हणणाऱ्याला देशद्रोही ठरवायला कॅमेरे सज्ज होते.

याच शहरात उपनगरी लोहमार्गांवर, कोविडची वर्षं सोडली तर, दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. रूळ ओलांडताना, दारातून पडून. महिन्याला एक 26/11 म्हणा. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दोन भरल्या लोकलच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांवर घासून खाली पडली. दोन दिवस बातमी झाली. स्फोटातलं मरण आणि गर्दीतलं मरण सारखं नाही, हे मला मान्य आहे. एकात खून आहे, हेतू आहे, पुन्हा करण्याची धमकी आहे. त्याची भीती वाटणं साहजिकच आहे. पण पिशवी तपासायला दारात यंत्र बसतं आणि डबे वाढत नाहीत, यात कुणाची भीती सरकारच्या कामाची असते ते कळतं.

एप्रिल 2025 मध्ये पहलगामला 26 जणांना मारलं. त्यातले सहा महाराष्ट्राचे होते. डोंबिवली, पुणे, पनवेल. पुढच्या मे महिन्यात पाकिस्तानशी लष्करी संघर्ष चालू असताना वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्यासारख्या बातम्या दिल्या आणि निवेदकांच्या मागे हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवत ठेवला. 10 मे रोजी सरकारलाच कळवावं लागलं की कार्यक्रमांत भोंगा वाजवू नका, खरा वाजेल तेव्हा लोक जागचे हलणार नाहीत. त्याच दिवसांत देशात ठिकठिकाणी शिकणाऱ्या काश्मिरी मुलांना वसतिगृहं सोडावी लागली. त्या वर्षीचा संशय त्यांच्या वाट्याला आला होता.

आणि 10 जुलै 2025 ला महाराष्ट्र विधानसभेने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केलं, दुसऱ्या दिवशी परिषदेने. शहरी नक्षलवाद रोखण्यासाठी, असं कारण दिलं गेलं. बेकायदा कृत्याच्या व्याख्येत बोललेले आणि लिहिलेले शब्द, खुणा, चिन्हं येतात, हे वाचताना मला 1897 चा राजद्रोहाचा खटला आठवल्याशिवाय राहिला नाही. या वेळी एक गोष्ट मात्र वेगळी होती. विधेयक कोणत्याही स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी आलेलं नव्हतं. ते संयुक्त समितीकडे गेलं, महिनोन्‌महिने तिथे राहिलं. वकिलांनी, पत्रकारांनी, कामगार संघटनांनी, शिक्षकांनी कलमं वाचली आणि समितीकडे 12 हजारांहून अधिक सूचना आणि हरकती लेखी पोचल्या. त्यातल्या काहींमुळे मसुद्यातले शब्द बदलले, पुष्कळशा तशाच पडून राहिल्या. डिसेंबर 2008 मध्ये एकही हरकत लिहायला वेळ मिळाला नव्हता.